गावाच्या सांडपाणी व्यवस्थेची सुधारणा: मोरीपासून ठिबकापर्यंत, क्रमाने

सांडपाण्याचं काम निघालं की आपल्याकडे पहिली कुदळ पडते ती गावाच्या पार शेवटी, नाल्याकाठी. तिथे तळं किंवा खड्डा होतो, कडेने चार कर्दळी लागतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यात राख, शेण, प्लास्टिक साचून गुडघाभर गाळ होतो. मग लोक म्हणतात, ही पद्धतच चालत नाही. पद्धत चालते. चुकतो तो क्रम. पाणी ज्या वाटेने वाहतं त्याच क्रमाने काम करायचं आणि साफसफाई करणारा माणूस काँक्रीट ओतण्याआधी नेमायचा. या दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर खालचं कितीही महागडं काम उपयोगाचं नाही.

हा लेख जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या काळ्या जमिनीतल्या गावांसाठी आहे. हिशेबासाठी १८०० लोकवस्तीचं गाव धरलं आहे. उघडी गटारं आहेत, शेवटी एक जुना गाळखड्डा आहे आणि तिथून पाणी नाल्यात जातं, अशी आजची स्थिती. करायची वाट अशी: गटार, जाळी, रेतीचं चेंबर, निवळण टाकी, झाडं लावलेला खडीचा वाफा, साठवण टाकी आणि शेवटी ठिबक. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात बदला.

## कामाचं वेळापत्रक आधी

काळ्या मातीत पावसाळ्यात खोदकाम होत नाही आणि मे महिन्यात झाडं जगत नाहीत. म्हणून पाहणी आणि मोजणी दिवाळीनंतर, खोदकाम आणि बांधकाम जानेवारी ते एप्रिल, गळती तपासणी मे महिन्यात, लागवड पहिला चांगला पाऊस झाल्यावर. मार्चअखेर निधी खर्ची टाकायची घाई असते, ती मला माहीत आहे. पण मोजणी न करता मार्चमध्ये खोदलेला खड्डा जूनमध्ये परत खोदावा लागतो.

निधीबद्दल थोडक्यात. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी ५००० लोकसंख्येपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये अशी मर्यादा ठरली. १८०० लोकांना ५ लाख ४ हजार होतात. एवढ्यात संपूर्ण काम बसत नाही, म्हणून टप्पे पाडा. पहिल्या पैशात टप्पा ५ आणि ६ पूर्ण करा. पुढचं पुढच्या वर्षी झालं तरी चालेल, उलट्या क्रमाने झालेलं चालणार नाही.

## टप्पा १: गटाराच्या वाटेने चाला

वही, खडू आणि गावाचा हाताने काढलेला नकाशा घ्या. सोबत ग्रामपंचायतीचा सफाई कर्मचारी हवाच, कारण कुठली गल्ली कुठे तुंबते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. प्रत्येक घरापाशी थांबून लिहा: मोरीचं पाणी कुठे जातं, संडासाला दोन खड्डे आहेत की सेप्टिक टँक, टाकीचा निकास गटारात सोडलाय का, गोठा आहे का, भांडी राखेने घासतात का. पिठाची गिरणी, हॉटेल, मंगल कार्यालय, गाड्या धुण्याची जागा यांना वेगळी खूण करा.

गिरणाकाठच्या एका गावात मी असा फिरत होतो. एका आजीने ओट्यावरून हाक मारली, "नळले पानी येस त्या दिन ये भाऊ, मंग समजी तुले." आजीचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. मी गेलो त्या दिवशी गटारात बोटभर पाणी होतं. नळाच्या दिवशी तेच गटार काठोकाठ भरलं.

## टप्पा २: पाणी मोजा, अंदाज बांधू नका

कागदावरचा हिशेब सोपा आहे. माणशी ५५ लिटर पुरवठा, १८०० माणसं, म्हणजे ९९ हजार लिटर. त्यातलं साधारण ७० टक्के गटारात येतं असं धरलं तर दिवसाला सुमारे ७० हजार लिटर. पण तीन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ही सरासरी फसवते. नळाच्या दिवशी सगळ्या घरांचं धुणं एकदम निघतं, पिंपं धुतली जातात, आंगण शिंपलं जातं. त्या सकाळचा लोंढा सरासरीच्या तिप्पट-चौपट धरून चाला.

मोजायला महाग यंत्र लागत नाही. पत्र्याचा चौकोनी तुकडा घ्या आणि त्याच्या वरच्या कडेत मधोमध काटकोनाची खाच कापा, म्हणजे इंग्रजी व्हीसारखा आकार होईल. कडा कानशीने धारदार करा. हा पत्रा गटारात आडवा, सरळ उभा बसवा आणि कडेने चिकणमाती थापा. पाणी फक्त खाचेतूनच गेलं पाहिजे आणि पलीकडे मोकळं पडलं पाहिजे. पत्र्याच्या मागे हातभर अंतरावर पट्टी उभी करून, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची वाचा.

उंची ५ सेंटीमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ०.८ लिटर. ७ सेंटीमीटरला १.८ लिटर. १० सेंटीमीटरला ४.४ लिटर. १२ सेंटीमीटरला ६.९ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीने वाढतं, म्हणून पट्टी नीट वाचा.

पहाटे ५ ते रात्री १०, दर तासाला. एक नळाचा दिवस, एक कोरडा दिवस आणि जमलं तर लग्नसराईतला एक दिवस. सेकंदाच्या लिटरला ३६०० ने गुणलं की त्या तासाचं पाणी निघतं.

तपासा: नळाचे आणि कोरडे दिवस मिळून काढलेली दिवसाची सरासरी कागदावरच्या ७० हजारांच्या निम्म्याहून कमी आली तर पाणी मध्येच कुठेतरी मुरतंय किंवा दुसऱ्या वाटेने जातंय. दीडपटीहून जास्त आली तर नळाला तोट्या नाहीत, पाणी वाया चाललंय. आधी तोट्या बसवा. तोटीचा खर्च टाकीच्या खर्चापुढे काहीच नाही.

## टप्पा ३: माती तपासा, पण भेगांच्या महिन्यात नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेव्हा शोषखड्डा खणून पाणी ओतलं तर घटाघटा पितो आणि बघणारे खूश होतात. जुलैत तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा डबकं होऊन बसतो.

चाचणी अशी करा. फूटभर चौरस, शोषखड्डा जितका खोल करणार तितका खोल खड्डा घ्या. बाजू खरवडा, तळाला ५ सेंटीमीटर खडी टाका. दोन-तीन दिवस पाणी भरलेलं ठेवा, भेगा पूर्ण मिटू द्या. मग सकाळी खडीच्या वर १५ सेंटीमीटर पाणी ठेवून अर्धा तास मोजा. २५ मिलिमीटर पाणी उतरायला ३० मिनिटांच्या आत वेळ लागत असेल तर शोषखड्डा चालेल. ६० मिनिटांच्या वर लागत असेल तर त्या जागी शोषखड्डा करूच नका, योजनेत लिहिला असला तरी. तापीकाठच्या पोयट्याच्या पट्ट्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमाड जमिनीत तो चालतो. खोल काळ्या रानात नाही.

ज्या घरांच्या परसात माती घेते, तिथे घरापाशीच शोषखड्डा किंवा परसबाग करा. तेवढं पाणी गटारात येणारच नाही, खालच्या टाकीचा आकार तेवढा कमी होईल.

## टप्पा ४: लेव्हल घ्या, स्वतः उभं राहून

शुद्धीकरणाच्या वाटेवर कुठेही पंप लागू नये. त्यासाठी जाळीपासून साठवण टाकीच्या तोंडापर्यंत निदान ८० सेंटीमीटर ते १ मीटर उतार हातात हवा. तो आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. लेव्हल यंत्राने घ्या, नाहीतर पारदर्शक नळीत पाणी भरून, बुडबुडे काढून घ्या.

तीन उंच्या दगडावर पक्क्या रंगाने कोरून ठेवा: शेवटच्या गटाराचा तळ, गावातल्या सर्वात खालच्या मोरीचा तळ आणि नाल्याला आलेल्या मोठ्या पुराची खूण. तिसरी जुन्या माणसांना विचारा. ते झाडाचं खोड दाखवून सांगतात, पाणी इथवर आलं होतं. शेवटची टाकी त्या खुणेच्या वर हवी.

आमच्या पहिल्या कामात गवंड्याने टाकीच्या तोंडाची उंची गटाराच्या काठावरून धरली, तळावरून नाही. फरक होता १२ सेंटीमीटरचा. पहिल्याच नळाच्या दिवशी पाणी मागे फिरलं आणि खालच्या गल्लीतल्या सहा घरांच्या मोऱ्यांतून वर आलं. एका घरात लग्नाचे पापड वाळत घातले होते, ते सगळे भिजले. त्या बाईंसमोर उभं राहून मला काय बोलावं सुचलं नाही. दोष गवंड्याचा नव्हता. लेव्हल मी घ्यायला हवी होती. तेव्हापासून तोंडाचा पाइप बसताना मी नळी घेऊन स्वतः हजर असतो.

तपासा: पाइप पक्का करण्याआधी गटारात दोन पिंपं पाणी ओता. ते न थांबता टाकीत पडलं तरच सिमेंट.

## टप्पा ५: संडासाचं आणि गोठ्याचं पाणी वेगळं काढा

खालची सगळी मापं मोरीच्या पाण्यासाठी आहेत. सेप्टिक टँकचा निकास गटारात येत असेल तर जंतूंचा आणि जंतांच्या अंड्यांचा भार कितीतरी वाढतो. संशय असेल तिथे खाण्याचा गडद रंग संडासात ओतून दोन-तीन बादल्या पाणी टाका आणि गटारावर उभे राहा. टाकी मोठी असेल तर रंग उशिरा येतो, अर्धा दिवस थांबा. हे घरमालकाला सांगून, त्याच्या समोर करा. चोरी पकडल्यासारखं केलंत तर पुढचं दार उघडणार नाही.

असे निकास सापडले तर पाण्याला दोन खड्ड्यांच्या संडासाकडे वळवा. काळ्या मातीत या खड्ड्यांच्या भोवती फूटभर जाडीचं वाळू-खडीचं किंवा वीटतुकड्यांचं वेष्टण द्यावं लागतं, नाहीतर फुगणारी माती भिंत दाबते आणि पाणी मुरत नाही. हे शक्यच नसेल, निम्मं गाव जोडलेलं असेल, तर ते उघड मान्य करा आणि रचनाच मैलापाण्याची करा: बंद पाइप, दुप्पट मोठी निवळण टाकी, अधिक मोठा वाफा. कागदावर फक्त मोरीचं पाणी आणि प्रत्यक्षात मिसळलेलं, ही सगळ्यात वाईट स्थिती.

गोठ्याचं शेणपाणी उकिरड्याकडे किंवा गोबरगॅसकडे वळवा. चार म्हशींचं शेणपाणी एका गल्लीच्या मोऱ्यांना भारी पडतं. मंगल कार्यालय आणि हॉटेलांना तेल अडवणारं चेंबर सक्तीचं करा. भरिताच्या पंगती उठल्या की भांड्यांबरोबर किती तेल जातं ते गटारावर तरंगताना दिसतं. ते खडीच्या वाफ्यात पोचलं तर खडीवर साय धरते आणि निघत नाही.

घरोघरी मोरीच्या तोंडाशी स्टीलची जाळी आणि छोटं चेंबर बसवा. राख कोरडी गोळा करून उकिरड्यावर टाकायला सांगा.

## टप्पा ६: जाळी, रेतीचं चेंबर, पावसाची वाट

जाळ्या दोन. पहिली २५ मिलिमीटर फटीची, दुसरी १० मिलिमीटरची. दोन्ही तिरप्या, साधारण ४५ ते ६० अंशांत, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. जाळीच्या वरच्या अंगाला भोकांचा कट्टा करा, ओढलेला कचरा तिथे निथळेल. उभी जाळी बसवू नका, ती साफ करायला माणसाला गटारात उतरावं लागतं.

त्यापुढे रेतीचं चेंबर. अरुंद, लांबट, शेजारी शेजारी दोन. एक चालू, एक बंद. पाणी सेकंदाला फूटभराहून जास्त वेगाने जाऊ नये, पण इतकंही थांबू नये की घाणही बसेल. चेंबरचा गाळ काढल्यावर तो हाताला खरखरीत लागला आणि फारसा वास आला नाही तर वेग बरोबर. काळा, चिकट आणि घाण वासाचा असेल तर चेंबर गरजेपेक्षा मोठं आहे.

पावसाची वाट इथेच काढायची. जाळीच्या आधी गटाराच्या एका भिंतीला ठरावीक उंचीवर मोकळी खिडकी ठेवा. रोजच्या पाण्याच्या तिपटीपर्यंत पाणी आत जावं, त्याहून जास्त आलं तर ते खिडकीवरून नाल्याला. ही खिडकी नसेल तर जूनच्या पहिल्या वळवात गावची सगळी माती खडीच्या वाफ्यात जाऊन बसते. मग वाफा उपसून परत भरण्याखेरीज इलाज उरत नाही.

सावधान: खिडकीची फळी हलती ठेवू नका. जाळी साफ करायचा कंटाळा आला की कोणीतरी फळी काढतं आणि वर्षभर सगळं पाणी नाल्यात जात राहतं.

## टप्पा ७: निवळण टाकी

एका दिवसाचं पाणी मावेल एवढी, म्हणजे ७० घनमीटर. पाण्याची खोली पावणेदोन मीटर धरली तर ४ मीटर रुंद, १० मीटर लांब. लांबीच्या दोन तृतीयांशावर आडवी भिंत. आत येणारा आणि बाहेर जाणारा पाइप टीच्या आकाराचा, पाण्यात हातभर बुडालेला, म्हणजे वरची साय आणि खालचा गाळ दोन्ही मागे राहतात. प्रत्येक कप्प्यावर झाकण आणि वायू जायला उंच पाइप. जुना गाळखड्डा पक्का असेल तर तोच पहिला कप्पा म्हणून वापरा, पाडू नका.

काळ्या मातीवर थेट काँक्रीट नको. तळाची काळी माती शक्य तितकी काढून मुरूम भरा, १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. भिंतीच्या बाहेरही मुरूमच भरा. काळी माती परत लोटली तर ती फुगून भिंतीला तडे देते. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, बाहेरची ओली माती आणि पाणी ती उचलू शकतात.

गळती तपासणी: टाकी भरून एक दिवस भिजू द्या, मग पातळीची खूण करा. टाकीत विटांवर एक अर्धी भरलेली बादली ठेवा आणि तिच्यातही खूण करा. २४ तासांनी दोन्ही पाहा. खान्देशच्या मे महिन्यात उघडं पाणी दिवसाला सेंटीमीटरभर उडतंच. बादलीतलं जेवढं उतरलं त्याहून टाकीतलं जास्त उतरलं तर ती गळती.

गाळ किती साचला हे मोजायला लांब बांबूला खालून पांढरं फडकं गुंडाळा. तळाला हळूच टेकवा, मिनिटभर थांबा, वर काढा. काळा पट्टा कुठवर आला ते दिसतं. तो पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेला की उपसायची वेळ झाली.

सावधान: या टाकीत माणूस उतरवायचा नाही. पाच मिनिटांसाठी नाही, दोर बांधूनही नाही. आतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सेप्टिक टँक आणि गटारात माणसाला साफसफाईसाठी असं उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. उपसा व्हॅक्यूम टँकरनेच.

## टप्पा ८: खडीचा वाफा

इथे पाणी खडीच्या आतून, पृष्ठभागाखालून सरकतं. वर पाणी दिसत नाही, म्हणून डास होत नाहीत आणि वास येत नाही. उघड्या तळ्यापेक्षा मी हाच सुचवतो.

माप: पाण्याची खोली ५० सेंटीमीटर, खडीचा थर ६० सेंटीमीटर, पाणी आत तीन दिवस राहायला हवं. ७० हजार लिटरला सुमारे १०८० चौरस मीटर लागतात, म्हणजे पावणेअकरा गुंठे. एकच लांबलचक वाफा करू नका. चार कप्पे करा, प्रत्येकी १५ मीटर रुंद आणि पाणी वाहायच्या दिशेने १८ मीटर लांब. रुंदी कमी ठेवली तर सगळा गाळ तोंडाशीच कोंबला जातो. चार कप्पे असले की एकेक आळीपाळीने बंद करून वाळवता येतो.

खडी ६४८ घनमीटर, म्हणजे साधारण २३० ब्रास. खर्चाचा मोठा वाटा हाच. म्हणून खालच्या चुका टाळा.

तळाला शेकडा एक टक्का उतार द्या. पऱ्हाटीची खुंटं, टोकदार दगड वेचून काढा, ५ सेंटीमीटर वाळू अंथरा, त्यावर शेततळ्यात वापरतात तो ५०० मायक्रॉनचा कागद. जोड गरम करूनच मारायचे. तोंडाशी आणि निकासाशी अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात ४० ते ८० मिलिमीटरचा गोटा, मधे १० ते २० मिलिमीटरची खडी. कागदावर ट्रॅक्टर चढवू नका. कडेला खडी उतरवा आणि फळ्या टाकून पाट्यांनी पसरा. वेळ लागतो, लागू द्या.

तपासा: क्रशरवरून आलेली खडी बादलीत घ्या, स्वच्छ पाणी ओता, हाताने ढवळा, दहा मिनिटं थांबा. पाणी करडं राहिलं आणि तळाला पिठासारखा थर बसला तर ती गाडी परत पाठवा किंवा धुऊन घ्या. न धुतलेल्या खडीतली भुकटी पहिल्या वर्षीच वाफा बुजवते. "टाका हो, पाण्यानेच धुतली जाईल," असं हमखास ऐकायला मिळतं. धुतली जाते, पण भुकटी जाते ती वाफ्याच्या पोटात.

पाणी सोडायचा पाइप रुंदीभर आडवा ठेवा, एका लेव्हलला, वरून झाकणं उघडून साफ करता येईल असा. निकासाला फिरणारा एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, बसवा. तो आडवा-उभा केला की वाफ्यातली पातळी खाली-वर करता येते.

लागवडीला कर्दळ, पाणकणीस, वाळा. अर्ध्या मीटरवर एक रोप. कर्दळ लवकर धरते. सुरुवातीला पातळी खडीच्या अगदी वरच्या थराशी ठेवा, मुळं उतरली की हळूहळू ५ ते १० सेंटीमीटर खाली आणा. पहिले चार ते सहा आठवडे निम्मंच पाणी सोडा. कुंपण लागवडीच्या आधी, नाहीतर म्हशी एका दुपारीत सगळं साफ करतात.

## टप्पा ९: साठवण आणि ठिबक

उन्हाळ्यात वाफ्यातूनच रोज १०-११ हजार लिटर उडतात. हातात उरतात सुमारे ५८ हजार. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते, म्हणून दोन दिवसांची, म्हणजे सव्वा लाख लिटरच्या आसपास साठवण हवी, आणि ती झाकलेली. या पाण्यात खत विरघळलेलं असतं. आपल्या उन्हात ते उघडं ठेवलं तर आठवड्यात हिरवंगार होतं आणि ते शेवाळ ड्रीपर बंद करतं.

ठिबकाबद्दल खान्देशातल्या शेतकऱ्याला मी काय शिकवावं! फरक एवढाच की विहिरीच्या पाण्याला नुसता डिस्क फिल्टर पुरतो, इथे आधी सँड फिल्टर आणि मग १२० मेशचा डिस्क. लॅटरलची, म्हणजे ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची, टोकं आठवड्याला सोडा. पहिलं काळं पाणी जाऊन स्वच्छ आलं की बंद.

"केळीला चालेल का?" हा पहिला प्रश्न रावेर-यावलकडे येतोच. माझं उत्तर नाही असंच आहे. केळी क्षाराला नाजूक, पानांच्या कडा करपतात. कपाशी क्षार सोसते. हत्तीगवत, बांबू, रस्त्याकडेची आणि स्मशानभूमीतली झाडं, ग्रामपंचायतीची रोपवाटिका यांना हे पाणी उत्तम. मे महिन्यात ५८ हजार लिटरवर पावणेदोन एकर हत्तीगवत जगतं. चारा कापण्याआधी त्या ओळीचं पाणी थोडे दिवस बंद ठेवा आणि कापलेला चारा उन्हात सुकवून घाला. पालेभाज्या, काकडी, कच्चं खायचं काहीही नको. तुषार सिंचनही नको, थेंब हवेत उडतात.

काळ्या जमिनीला साबणातला सोडियम बाधतो. माती चिवट होते, पाणी वर तरंगतं. पाण्याची क्षारता, म्हणजे ईसी (डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), ०.७ च्या आत असेल तर क्षारापुरतं निर्धास्त, ०.७ ते ३ मध्ये जपून, ३ च्या वर शेतीला नको. वर्षाआड माती तपासा आणि गरज निघाली तर जिप्सम द्या.

पाणी कोणाला, हे ग्रामसभेत आधी ठरवा आणि लेखी करा. पाणी स्वच्छ झालं की मागणारे वाढतात, आणि ठराव नसेल तर पहिला वाद बांधावरच होतो.

सावधान: या पाइपांचा रंग पिण्याच्या पाइपांहून वेगळा ठेवा. दोन्ही लाइनी कुठेही जोडू नका, मधे व्हॉल्व्ह असला तरी नाही. टाकीवर "पिण्यासाठी नाही" अक्षरांत आणि चित्रातही लिहा. लहान मुलं चित्र वाचतात.

## टप्पा १०: सुरू केल्यावरचं पहिलं वर्ष

दोन माणसं नेमा, एक आजारी पडला तर दुसरा. गमबूट, हातमोजे, साबण आणि धनुर्वाताचं इंजेक्शन ग्रामपंचायतीच्या खर्चाने. रोज जाळी, आठवड्याला रेतीचं चेंबर आणि लॅटरल, महिन्याला बांबूचं फडकं. रोजच्या वहीत चारच रकाने पुरतात: तारीख, खाचेतली उंची, जाळीतून किती पाट्या कचरा, काय वेगळं दिसलं.

रोजची सोपी परीक्षा बाटलीची. तीन काचेच्या बाटल्या: जाळीनंतरचं पाणी, निवळण टाकीतलं, वाफ्यातून आलेलं. ओळीने उन्हात ठेवा, मागे वर्तमानपत्र धरा. तिसऱ्या बाटलीतून बातमीची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. झाकण उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास नसावा.

तिसऱ्या महिन्यापासून दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळा. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जो प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत आणि विष्ठाजन्य जंतू १०० मिलिलिटरला १००० च्या आत हवेत. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. एप्रिलच्या दुपारी मोटारसायकलच्या डिकीतून नेलेल्या बाटलीचा आकडा काही सांगत नाही.

बिघडलं तर खालून वर शोधत जा. ड्रीपर बंद पडले तर आधी टाकीचं झाकण उघडं राहिलंय का पाहा. वाफ्यावर पाणी दिसलं तर निकासाचा एल्बो उभा राहिलाय का, मग तोंडाचा गोटा चिकटलाय का. चिकटला असेल तर तो कप्पा दोन-तीन आठवडे बंद ठेवून उन्हात वाळू द्या. खान्देशातलं ऊन हे काम चांगलं करतं. तरीही पाणी वरच राहिलं तर तोंडाचा फक्त पहिला मीटरभर पट्टा उपसा, गोटे धुऊन परत भरा. तेवढ्याने बहुतेक वेळा सुटतं. आणि तोंडाचा पट्टा सहा महिन्यांत दुसऱ्यांदा तुंबला, तर वाफ्याला हात लावू नका. वही उघडा, निवळण टाकीत फडकं शेवटचं कधी घातलं ते पाहा.